हिला गाडी लागते

...आणि वर मलाच सांगतात, हळू घे! आता तुम्हीच बघा, रोहतांगचा चढ, खाली काचेसारखा गोठलेला रस्ता, डावीकडे दरी, समोरून ढग असे उतरत आलेले की आज पलीकडे गेलो नाही तर खिंड बंद, ती थेट उन्हाळ्यात उघडणार... तिथे हळू घेतली की गाडी थांबते, थांबली की मागे घसरते! पण तोबदनमामाचं शेजारी बसून एकच. "हळू घे रे, हिला गाडी लागते."

हिला म्हणजे यांगझोममामीला. मामी मागे आडवी, शालीत गुंडाळलेली. आदल्या दिवशी कुल्लूच्या दवाखान्यात वारली होती. जाताना एवढंच म्हणाली, मला इथे खाली जाळू नका, घरी न्या. आता तिला कसली गाडी लागतेय? पण मामाला सांगणार कोण?

तसं तुम्हाला सांगतो, मामी म्हणजे या रस्त्यावरची नावाजलेली बाई. दर वळणाला उलटी, आणि वजन असं की ती मागे बसली की माझ्या जीपचे दिवे रस्ता सोडून चांदण्या दाखवायचे! खोटं नाही सांगत. बर्फात सगळे ड्रायव्हर तिला मागच्या चाकावर बसवायला भांडायचे, चाक कसं जमिनीला चिकटून राहायचं. तीही ऐटीत म्हणायची, मी नसते तर तुम्ही सगळे दरीत असता.

तर ते शेवटचं अवघड वळण आलं. तिथे आमच्याकडे सगळे उतरतात आणि हातात दगड घेऊन चाकामागे चालतात, गाडी घसरली की दगड सारायचा. मामा उतरला, त्याचा जावई छेरिंग उतरला. मी गियर टाकला... चाक जागच्या जागी गरगर! पुन्हा टाकला, पुन्हा तेच. बर्फ पडायला लागला. छेरिंग ओरडतोय, रेस दे, रेस नको देऊ, डावीकडे काप, उजवीकडे काप... अरे, डावीकडे दरी आहे जावईबापू! मग म्हणाला, मागे वजन नाही, चार धोंडे टाकू.

मामा म्हणाला, "मागे ही आहे ना."

त्याने शालीवर हात ठेवला. आजारपणात मामीचं राहिलं होतं काय? मूठभर हाडं.

"तिच्या शेजारी धोंडे नकोत," मामा म्हणाला, आणि स्वतःच मागे चढून तिला धरून बसला. मग छेरिंगलाही बसवलं. चाकाने बर्फ धरला आणि जीप चढली हो! मागून बारीक आवाज... "हळू घे रे, हिला गाडी लागते."

घेतली. काय करणार? पायी चालणारं मेंढरू पुढे जाईल इतकी हळू. अंधारायच्या आत गावात आणली.

मामा उतरला, शाल नीट केली, माझ्याकडे वळला. "आज एकदाही उलटी झाली नाही हिला. गाडी चांगली चालवायला लागलास."

इतकी वर्षं या घाटात गाडी चालवतोय... पहिल्यांदा कुणीतरी चांगली म्हटलं. तेही हे असं.