नातजावई हरवलेले नाहीत, याबाबत

नाव : मैनाबाई उद्धवराव गावंडे. वय : आधार कार्डावर चौऱ्याहत्तर, खरे त्याहून थोडे जास्त असावे. धंदा : घरकाम, हातपाय चालत होते तोवर शेती. शिक्षण : दुसरी, तीही अर्धी. मूळ गाव दर्यापूरकडचे. हल्ली मुक्काम राजापेठ, अमरावती, मुलाकडे.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी माझा मुलगा शेखर, सून रागिणी, नात चारुता व चारुताचे पती यांच्यासह राहते. चारुताचे पती श्री. डंकन, मूळ राहणार इंग्लंड. त्यांचे आडनाव मला म्हणता येत नाही, ते चारुताने कागदावर लिहून दिले आहे. घरात आम्ही त्यांना डंकनराव म्हणतो. मंगळवारी सकाळी ते बेपत्ता असल्याची खबर या ठाण्यात मीच दिली. ते त्याच दिवशी सापडले. परंतु सापडल्यावर त्यांना ठाण्यात न आणता मी पुढे जाऊ दिले. असे का केले, हे साहेबांनी विचारले आहे, म्हणून हा जबाब. सध्या ते चिखलदऱ्याला आहेत. चिखलदऱ्यात नेमके कुठे, ते मला माहीत नाही. परंतु ते हरवलेले नाहीत.

चारुता तिकडे शिकायला गेली आणि लग्नही तिकडेच केले. लग्न आम्ही घरी टीव्हीला मोबाईल जोडून पाहिले. अक्षता टीव्हीवर टाकल्या, त्या रागिणी पुढे आठवडाभर सोफ्याखालून काढत होती. लिहिणाऱ्या पोलीस बाईंनी मुद्द्याचे बोला असे सांगितले, म्हणून ते सोडते. गेल्या दिवाळीत दोघे इकडे राहायला आले. दोघांचे काम कॉम्प्युटरवरचे, कुठूनही होते. एक वर्ष राहून पाहू, जमले तर राहू, असे बोलणे झाले होते. चारुताला आता सहावा महिना आहे. बाळ येथे व्हावे अशी माझी इच्छा आहे. ती मी घरात बोलून दाखवलेली नाही. देवाला सांगितली आणि शेजारच्या देवमनच्या आईला.

डंकनरावांना येथे काही त्रास होता काय, असे विचारले. तर सांगते की, कोणी मुद्दाम दिला नाही. पण झाला. ते रांगेत उभे राहतात तेव्हा पुढच्या माणसापासून हातभर लांब उभे राहतात. आपल्याकडे एवढी जागा दिसली की तिथे माणूस येतो. त्यामुळे बँकेत त्यांचा नंबर येईपर्यंत जेवणाची सुट्टी होते. इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत येतो म्हटले, तर ते खुर्ची टाकून दारात बसले आणि संध्याकाळपर्यंत बसूनच होते. मी म्हटले, "जवाईबापू, थो आज नाही येत." तर म्हणाले, "आजी, पण तो हो म्हणाला." त्यांचे मराठी पुस्तकातले आहे, आमच्यापेक्षा शुद्ध. मी म्हटले, "हो तं म्हणनच ना. तोंडावर नाही कसं म्हणन बिचारा?" तेव्हा त्यांनी खुर्ची उचलून आत नेली.

वरचा मजला त्यांचा आहे. तिथे कडी वाजवून जायचे असते हे आम्हाला माहीत नव्हते. रागिणी चहा घेऊन जाते, मी नुसतीच जाते. देवमन क्रिकेटचा स्कोअर सांगायला जातो. पगार किती, जात कोणती, आईबापाला कोण पाहते, एवढे सगळे त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारून झाले. त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांनी एकदा स्वतःचे ताट उचलून घासायला घेतले, तर रागिणीने ते हिसकून घेतले व ती रडली. जावयाने ताट घासले हे माहेरी कळले तर काय, म्हणून. तेही घाबरले. प्रत्येक वाटीला ते थँक्यू म्हणत. मी एक दिवस रागावले, "घरच्या मानसाले कोनी थँक्यू म्हनते काय?" तेव्हापासून ते तोंडातल्या तोंडात म्हणतात.

हे सगळे त्यांनी हसून काढले. पण नंतर धोंड्याचा महिना लागला. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्याला जेवायला बोलवायचे, पाय धुवायचे, ओवाळायचे, पुरण भरलेले धोंडे वाढायचे आणि अनारशांचे वाण द्यायचे. आमच्या कुळात इंग्लंडचा जावई पहिलाच, त्यामुळे एकही घर सोडायला तयार नव्हते. ज्याच्याकडे गेलो नाही तो रुसला असता. डंकनराव ताटावर दोन्ही हात आडवे धरून "नको, नको" म्हणत. आपल्याकडे नको म्हटले की समजायचे, माणूस संकोची आहे. म्हणून हाताच्या फटीतून वाढले. वाढलेले टाकायचे नाही असे त्यांना कोणीतरी शिकवले होते, मग ते खात. ते खातात म्हणून पुन्हा वाढत.

सर्वात शेवटी अकोल्याला माझ्या मुलीकडे, विमलकडे गेलो. अकोल्याचा उन्हाळा साहेबांना माहीत आहे. तिथे त्यांना पाटावर बसवले, गळ्यात हार, कपाळभर कुंकू. कुलर दुसऱ्या खोलीत होता, कारण त्याच्या वाऱ्याने निरांजन विझत होते. विमल धोंडा घेऊन त्यांच्या तोंडापाशी उभी, "जवाईबापू, माह्या हातचा एक तं घ्या लागते!" तिच्या जावा मोबाईलवर फोटो काढत होत्या. त्यांनी घेतला. मी समोरच बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटले, आपल्या मायेने भरून आले.

परत येताना गाडीत ते म्हणाले, "मला दोन दिवस चिखलदऱ्याला जायचं आहे. एकट्याला." शेखर म्हणाला, "एकटे काहून? मी येतो ना. देवमनलेही घेऊ." मी म्हटले, वाटेत जेवायला दशम्या करून देते.

मंगळवारी ते वरच्या मजल्यावर नव्हते. वेळ विचारली, पण मी घड्याळ पाहिले नाही. दूधवाला येऊन गेला होता. मोबाईल चार्जिंगला होता, टोपी व छत्री नव्हती. आम्ही बस स्टँड, ऑटो स्टँड, बालाजीचे मंदिर सर्व पाहिले. ऊन चढत होते. त्या वेळी चारुता जिन्यात बसून म्हणाली, "आजी, तो परतीचं तिकीट पाहून राहिला होता. म्हणे, बाळ तिकडेच होऊ दे." ती आणखी काही म्हणाली, ते जबाबात नको. मी चपला घातल्या व ठाण्यात आले. येथे मला बसायला खुर्ची व प्यायला ताक दिले, त्याबद्दल आभारी आहे. वर्णन सांगताना हवालदारांनी "रंग गोरा" लिहिले, ते मी दुरुस्त करून "लाल" लिहायला लावले. अकोल्यापासून ते तसेच होते.

दुपारी परतवाड्याच्या पोलिसांचा फोन आला की, असा एक माणूस चिखलदऱ्याच्या जीप जिथे लागतात तिथे बसलेला आहे. मी, शेखर व येथील हवालदार शेखरच्या गाडीने गेलो. डंकनराव एका काळ्यापिवळ्या जीपमध्ये मधल्या सीटवर होते. डोक्याला कोणाचा तरी दुपट्टा बांधलेला, खिशात उन्हासाठी कांदा, मांडीवर काकड्यांची टोपली. आणि ते हसत होते. आमच्या घरीही ते हसतात, पण पाहुण्यासारखे. हे तसे नव्हते.

हवालदारांनी खाली उतरा असे सांगितले. तेव्हा शेजारी बसलेली बाई, जिचे नाव नंतर केशरबाई समजले, ती मध्ये पडली.

"काहून उतरन? काय केलं त्यानं?"

"बाई, तुमी मधात बोलू नका. तुमचा कोन लागते हा?"

"माह्या बाजूले बसला हाय, थेच लागते. तुमचा कोन लागते?"

जीपचा ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "साहेब, यायले उतरवू नका. सकाळपासून तीन गाड्या गेल्या, हे अथीच. बसवलं का कोनी म्हातारं मानूस दिसते, अन् हे जागा देऊन उतरते. शेवटी या मावशीनं हात धरून बसवले. आता हे उतरले तं सीट भराले संध्याकाळ होईन." मागच्या सीटवरचे सर्वजण "पाहुना हाय, जाऊ द्या ना साहेब" असे म्हणू लागले. हवालदारांनी कोणावर आवाज चढवला नाही, हे मुद्दाम सांगते.

मी केशरबाईंना थोडे सरकायला लावून डंकनरावांजवळ बसले. मला पाहून त्यांचे हसणे गेले. म्हणाले, "आजी, मी पळून आलो नाही. चारुताला उठवलं असतं तर सगळं घर उठलं असतं."

"अन् फोन?"

"फोन आणला असता तर विमलआत्यांनी फोन केला असता."

हे खरे होते. तिने मंगळवारी सकाळपासून अकरा वेळा केला होता.

मी विचारले, "आमचं काय चुकलं, बाबू?" ते लगेच म्हणाले, "काही नाही. सगळे फार चांगले आहेत." मी म्हटले, इलेक्ट्रिशियनसारखं हो-हो करू नका, खरं सांगा. तेव्हा ते खाली पाहून हळू म्हणाले, "दोन दिवस मला कोणी काही वाढू नये, एवढंच वाटलं. मी नको म्हणतो तेव्हा मला नको असतं, आजी." आणि त्यांच्या देशात माणूस एकटा फिरायला गेला तर लोक म्हणतात बरा आहे, असेही म्हणाले. मी म्हटले, आमच्याकडे एकटा दिसला तर लोक म्हणतात याला कोणी नाही. तसे कोणी तुमच्याबद्दल म्हणू नये, म्हणून आम्ही सतत मागे मागे होतो. त्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. काकड्या सांडल्या, त्या सर्वांनी मिळून गोळा केल्या.

"तिकीट काढलं काय?" मी विचारले.

"पाहिलं. काढलं नाही."

मी जीपमधून उतरले आणि म्हटले, "जा." शेखर म्हणाला, "आई, काय म्हनून राहिली तू? पोलिसात देलं हाय आपन!" मी म्हटले, "म्या देलं, मीच वापस घेते." हवालदारांनी साहेबांना फोन केला, तो लागला नाही. मग त्यांनी पुरावा म्हणून डंकनरावांचा केशरबाईसह फोटो काढला. मी केशरबाईंना म्हटले, "बाई, वरतपर्यंत न्या. पन उतरले का त्यायच्या मांगंमांगं जाऊ नका." त्या म्हणाल्या, "मले काय कामं नाहीत काय, माय?" जीप गेली. डंकनरावांनी शुक्रवारी येतो असे सांगितले आहे.

हे मी माझ्या मर्जीने केले, त्यात हवालदारांचा दोष नाही. माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. उलट त्या ड्रायव्हरचे, केशरबाईंचे, ज्याने दुपट्टा दिला त्याचे व आपल्या ठाण्याचे उपकार आहेत. डंकनरावांचेही आहेत. आपला थंड मुलूख सोडून, माझी नात माझ्या डोळ्यांसमोर राहावी म्हणून ते येथे पत्र्याखालच्या मजल्यावर राहिले. परक्या घरात येऊन त्यांना करमते का, हे आम्ही इतक्या महिन्यांत विचारले नाही, फक्त वाढले. मी स्वतः लग्न होऊन आले तेव्हा मलाही कोणी विचारले नव्हते. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

घरी सर्वांना ताकीद दिली आहे की, वरच्या मजल्यावर कडी वाजवल्याशिवाय जायचे नाही, आणि नको म्हटले की थांबायचे. रागिणीने मानले आहे. विमलने अद्याप मानलेले नाही.

आज गुरुवारी वरील जबाब पोलीस बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. वाचत असताना शेखरचा फोन आला, तोही त्यांनी सांगितल्यावरून येथे नोंदवते. डंकनराव एक दिवस आधीच आले आहेत. स्वयंपाकघरात स्वतःचा चहा स्वतः करीत आहेत. रागिणी उंबऱ्यावर उभी आहे, आत गेलेली नाही. चहा उकळेपर्यंत त्यांनी शेखरला विचारले की, पाळण्याची कडी वरच्या खोलीत कोणत्या जागी ठोकायची. तरी सुरुवातीला "सध्या ते चिखलदऱ्याला आहेत" असे जे लिहिले आहे, ते खोडून "सध्या ते घरी आहेत" असे करावे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. अंगठा नको, मी सही करते.

(सही) मैनाबाई उ. गावंडे