तिटेचं दोन मार्क

...आन् मार्क कशाचं कापलं? गालाचं. वाजवण्याचं न्हाई, चालण्याचं न्हाई, गालाचं. माझ्या लेकीच्या गालावर मी एवढीशी, मुगाएवढी काजळाची तीट लावली हुती, तिचं दोन मार्क कापलं, आन् आमची शाळा एका मार्कानं मागं पडली. तुमाला सांगते, माझं डोकंच फिरलं. म्हणलं, ही बँडची स्पर्धा हाय का मुलगी दाखवायचा कार्यक्रम? तुमीच सांगा, बँड ऐकायचा असतो का बघायचा?

थांबा, पहिल्यापासनं सांगते, न्हाईतर तुमी म्हणाल बाई भांडकुदळ हाय. माझी संयोगिता आठवीत हाय. शाळा आमची उंब्रजजवळची, साधी, आन् बँड म्हंजे पंधरा ऑगस्टला आन् सव्वीस जानेवारीला वाजायचा तेवढाच. पण औंदा जयराज सर आलं, खेळाचं मास्तर, त्यांनी पंचवीस पोरी गोळा केल्या आन् म्हणाले स्पर्धेत उतरायचं. बासरीला पोरींची रांग लागली, झांजेला लागली, पुढं काठी फिरवत चालायचं त्याला तर रडारड झाली. आन् मोठा ढोल? त्याला कुणी न्हाई. तो गळ्यात अडकवून पोटावर घेऊन चालायचा, वजन लय, कोण घेणार? तर वर्गात सगळ्यात बुटकी आमची बाई हात वर करून उभी. घरी येऊन मला सांगती, "आई, मला मोठा ढोल मिळाला." मिळाला म्हणं. जसं काय त्यासाठी सोडत निघाली हुती.

तवापासनं माझ्या जिवाला घोर. ढोल लावला की पोरगी दिसायचीच न्हाई, वर टोपी, खाली बूट आन् मधी ढोल. रोज तिची पाठ चेपायची, खांद्याला तेल चोळायचं, पट्टा काचतो म्हणून आतनं जुन्या लुगड्याची घडी शिवून दिली. तिचं पप्पा मिलिटरीत, ते तिकडनं फोन करून काय विचारत्यात? "ठोका डाव्या पायाला पडतोय का?" मी म्हणलं, आवं, पोरीच्या मणक्याचं विचारा की जरा. तर म्हणत्यात, "आगं, सगळा बँड मोठ्या ढोलावर चालतो. तिचा ठोका चुकला की सगळ्या पोरींचं पाय चुकणार." झालं. आदी मला एका पोरीच्या पाठीची काळजी हुती, आता पंचवीस जणींच्या पायांची लागली. मी भाकरी थापताना सुदिक डावा, उजवा, डावा, उजवा करायला लागले.

तर स्पर्धा साताऱ्याला. सातारा, सांगली दोन्हीकडच्या शाळा. पहिला नंबर येईल ती शाळा पुढं कोल्हापूरला जाणार, बाकीच्यांनी गप घरला यायचं. पोरी टेम्पोनं गेल्या, आमी चार आया वडापच्या जीपनं मागनं. मैदानाच्या कडंला पोरी टोप्या घालत हुत्या, मी संयोगिताच्या बुटाची नाडी बांधत हुते, तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या तरी शाळेची एक बाई आली आन् आमच्या पोरीकडं बघून म्हणती, "आगं बया, एवढीशी पोर आन् केवढा ढोल. लय गोड दिसती की." म्हणली आन् गेली निघून. आता ती गेली, पण तिची नजर? ती तिथंच राहिली न्हवं? पिशवीतनं डबी काढली, बोट बुडवलं आन् लावली गालावर. आईनं दुसरं काय करायचं असतं?

आता परीक्षकांचं ऐका. मला वाटलं, खुर्च्या टाकून बसतील, डोळं मिटतील, मान डोलवतील. कसलं काय. परीक्षक चार. एक नुसता पाय बघणार, एक नुसती काठी बघणार, एक नुसतं कपडं बघणार. आन् ऐकणारा एक. चारात एक. मी सरांना म्हणलं, सर, ह्यांनी तीन माणसं चुकून जास्त बोलावली काय? सर म्हणाले, "वहिनी, दोरीच्या मागं थांबा." तुमीच सांगा, बँड ऐकायचा असतो का बघायचा?

तर कपडं बघणारं हरिबा सुभेदार, मिलिटरीतनं रिटायर झालेलं, म्हसवडकडचं. मिशा पांढऱ्या, हातात फुटपट्टी. खरंच फुटपट्टी, मोजा गुडघ्याच्या किती खाली हाय ते मोजायला. एकेकीपुढं उभं राहायचं, टोपी बघायचं, पट्टा बघायचं, खाली वाकायचं, मोजायचं, लिहायचं. आमच्या संयोगितापुढं आलं आन् थांबलं. "बेटी, ये क्या है?" आता पोरगी सावधानमध्ये. सरांनी बजावलेलं, सावधानमध्ये माशी बसली तरी हलायचं न्हाई. ती कशाला बोलतीय? सुभेदारांनी मान अशी तिरकी केली, अशी सरळ केली, आन् कागदावर काय तरी लिहिलं. मी दोरीच्या मागं. मला वाटलं, पोरगी हलली न्हाई म्हणून चांगलंच लिहिलं असणार.

आन् वाजवलं कसं सांगू तुमाला. पहिला ठोका पडला आन् पंचवीस डावी पावलं एकदम उचलली. मैदानात पोरीचं नुसतं टोपीचं टोक दिसत हुतं, पण सगळा बँड तिच्या मागं... मी दोरी एवढी घट्ट धरली की शिपाई येऊन म्हणला, "बाई, खुंटी उपटाल." आमच्या मागनं सांगलीकडची एक शाळा आली. वाद्यं अशी चकचकीत की त्यात बघून कुंकू लावावं. त्यांचा बिगुल तिसऱ्या चालीत असा फाटला, रेडकू वरडल्यागत. पण मोजं? सगळ्यांचं एका रेषेत.

निकाल झाला. ते ब्याऐंशी, आमी एक्क्याऐंशी. गुणांचा कागद फळ्यावर लावला, पोरी धावल्या, मी धावले, आन् वाचलं, 'गणवेश. एका वादकाच्या गालावर काळा डाग. एकसारखेपणा नाही. वजा दोन.' काठी फिरवणारी आमची प्रियदर्शनी, ती पटकन म्हणली, "तुझ्या आईमुळं गेलं." आन् संयोगितानं माझ्याकडं बघितलं. रडली असती तर जवळ घेतलं असतं. ती म्हणली, "आई, माझ्याशी बोलू नको." तीन महिने पाठ चेपली ती पोरगी म्हणती बोलू नको.

मग मी कशाला दोरीच्या मागं थांबतीय? खालनं वाकले आन् गेले थेट टेबलापाशी. मागनं सर, "आवं वहिनी, आवं वहिनी, जाऊ द्या." म्हणलं, तुमी थांबा. "आवं सुभेदारसाहेब, माझी पोरगी कसं वाजवत हुती ऐकलं का तुमी?" तर म्हणत्यात, "न्हाई." म्हणलं, न्हाई म्हंजे? त्यांनी शांतपणानं कानातनं कापूस काढला, ह्या कानातनं एक बोळा, त्या कानातनं एक. "सकाळपास्नं अठरा बँड झालं ताई. माझं काम कपड्याचं हाय." म्हणलं, मग गालाचं सांगा. तर म्हणत्यात, "गालाशी माझं भांडण न्हाई. एकीला हाय आन् चोवीस जणींना न्हाई, त्याचं मार्क कापलं. हरकत असंल तर अर्ध्या तासात लेखी द्या."

लेखी. त्यांना वाटलं बाई गप बसंल. मी सरांच्या वहीचं पान फाडलं आन् टेबलावरच लिहिलं, 'तो डाग नाही, तीट आहे. डाग चुकून पडतो. तीट आई मुद्दाम लावते. म्हणून डागाचे मार्क परत द्यावेत.' खाली सही ठोकली. चौघं डोकं जवळ आणून बसलं. नियमाचं पुस्तक निघालं, चष्मं निघालं. ऐकणारं परीक्षक म्हणत्यात, "बाईंचा मुद्दा बरोबर हाय." पायवालं म्हणत्यात, "मग ही धरायची कशात?" पंधरा मिनिटं झाली आन् हरिबा सुभेदार उठून म्हणलं, "डाग असता तर दोन मार्क. मुद्दाम लावलेली असंल तर ती जादाची सजावट झाली. तिचा एक. म्हणून एक मार्क परत."

म्हंजे ब्याऐंशीला ब्याऐंशी. बरोबरी. आन् बरोबरी झाली तर नियम असा की, दोन्ही शाळांनी परत एक चाल वाजवायची, तपासणी परत पहिल्यापासनं. वेळ वीस मिनिटं.

सरांनी खिशातनं रुमाल काढला, ओला केला. "वहिनी, आता तेवढी पुसा." संयोगितानं सुदिक न बोलता गाल पुढं केला. सगळ्या पोरी माझ्याकडं बघत्यात. आन् खरं सांगते, पुसणं किती सोप्पं हुतं. पण आत्ताच मी सही करून दिलंय की हा डाग न्हाई, आन् आता पुसून टाकली तर ते काय म्हणतील? डागच हुता म्हणतील. म्हणलं, न्हाई पुसणार. सर म्हणलं, "मग परत एक मार्क जाणार." म्हणलं, कसा जाईल? एकीला हाय आन् चोवीस जणींना न्हाई, एवढंच ना? उभ्या रहा गं सगळ्या.

पहिल्यांदा कुणी हलंना. मग ती प्रियदर्शनी, तीच, ती पुढं आली, टोपी वर केली, म्हणली, "काकू, मला लावा." तिच्यामागं सगळी रांग. मी बोट बुडवतीय, लावतीय, बोट बुडवतीय, लावतीय, एकीची चिंचोक्याएवढी झाली ती पदरानं कमी केली. आन् शेजारी संयोगिता उभी, दुसऱ्या पोरीच्या गालाला गाल भिडवून बघती आन् मला म्हणती, "आई, जरा वर." बोलली. म्हणलं, तू सांगशील तिथं लावते बाय.

सुभेदार आलं. पहिली बघितली, दुसरी बघितली, पाचवीपुढं माझ्याकडं एकदा बघितलं, परत पुढं. पंचविसावीपाशी पेन खिशाला लावलं. काय लिहिणार? आन् पोरींनी वाजवलं... ते राहू दे, ते सांगायला लागले तर मला रडू येतं. अर्ध्या मार्कानं जिंकलो. संयोगिता ढोल न काढताच मला मिठी मारायला आली, मधी ढोल, हात कुठं पोचतोय, मी ढोलालाच मिठी मारली.

आता तुमी म्हणाल, मिटलं. कुठलं मिटतंय? सुभेदारांनीच सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "कोल्हापूरला गणवेशाची यादी आदी द्यायला लागती. ह्याची त्यात नोंद करा, न्हाईतर कुणी तरी हरकत घेईल." परवा सर घरी आलं, फॉर्म दाखवला. टोपी, निळी. पट्टा, पांढरा. मोजे, गुडघ्याखाली चार बोटं. बूट, काळे. तीट, काळी, गोल, डावा गाल, पाच मिलीमीटर. आन् माझ्या हातात फुटपट्टी दिली. फुटपट्टी.

सांगा मला, पाच मिलीमीटर मोजून, सही-शिक्का मारून लावलेल्या तिटेला कुठली नजर घाबरंल? ती आता तीट राहिलीच न्हाई, बुटासारखी एक वस्तू झाली, ती सुभेदारांची. पोरीसाठी मला निराळी लावायलाच पायजे, आन् ती अशा जागी की फुटपट्टी पोचणार न्हाई. मग ठरवलं, तळपायाला लावायची, मोज्याच्या आत. आन् माझ्या एकटीच्या पोरीला लावून कसं चालंल, नजर काय बाकीच्यांना सोडती? खरं तर एका पायाला लावली तरी भागतं. पण कोल्हापुरात कुणी मोजं काढायला सांगितलं आन् म्हणलं दोन पाय एकसारखं न्हाईत, तर? म्हणून बसलीय आता काजळ धरत. पंचवीस पोरी, पन्नास तळपाय.