बाटली धरलेल्या बाईच्या फोटोसमोर

नाव वेगळ्या कागदावर दिलं आहे. घरी ठकू म्हणतात, ते लिहू नका म्हटलं होतं तरी जबाब घेणाऱ्या पोलीस साहेबांनी लिहिलं. वय वीस. कॉलेज चालू आहे, शिवाय फोटोग्राफी करते, पण त्याचे अजून कुणी पैसे देत नाही. गेल्या वर्षापासून आत्याकडे राहते. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिने प्रदर्शनात विनापरवानगी निदर्शन केलं अशी तक्रार आली आहे. केस झाली तर तिच्या नोकरीवर गदा येईल. म्हणून मी आपणहून, कुणी न शिकवता, सांगते ते असं.

आज दुपारी मी आत्याला युद्धाच्या फोटोंचं प्रदर्शन बघायला नेलं. ती यायला तयार नव्हती. "रोज तेच बघते, सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून कशाला बघू?" असं म्हणाली. मी म्हटलं, चल गं, एसी आहे.

पहिल्या दोन खोल्यांत मी तिला लाइट, फ्रेम, कॉन्ट्रास्ट वगैरे समजावत होते. ती हो हो म्हणत होती. तिसऱ्या खोलीत भिंतभर एकच ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. तिथे माझं बोलणं थांबलं. कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं.

फोटोत छप्पर उडालेली खोली आहे. उखडलेल्या दारावर एका माणसाला झोपवलं आहे. शेजारी एक बाई सलाईनची बाटली हातात वर धरून उभी आहे, कारण अडकवायला काही उरलेलं नाही. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. त्या माणसाकडेही बघत नाही. बाटलीकडे बघते. आम्ही तिच्या गुडघ्यापर्यंत येत होतो. एवढी मोठी प्रिंट मी आधी बघितली नव्हती, आणि एवढं मोठं माणूसही.

आत्या म्हणाली, "हात भरून आला असेल गं तिचा." मग तिने स्वतःचा हात वर केला. बाटली वरच्या कडीला धरावी लागते, त्यामुळे मूठ वळते.

तिच्या वॉर्डात स्टँड कमी पडले की नातेवाइकांना बाटली धरावी लागते. त्यांचा हात थरथरायला लागला की आत्या जाऊन म्हणते, "द्या इकडे, बसा जरा." मला हे माहीत आहे, कारण बाबांची बाटली मी धरली होती. त्याबद्दल आणखी सांगायचं नाही.

वॉचमनकाका आले. म्हणाले, "ताई, फोटोला हात लावायचा नाही." आत्या म्हणाली, "लावत नाही हो. वर केलाय फक्त." मागे हेल्मेट घेतलेला एक पार्सलवाला उभा होता. त्याने विचारलं, "काय, शिक्षा झाली का मॅडम?" आत्या म्हणाली, "ती दमलीये. थोडा वेळ मी धरते." तो हसला नाही. फोटोकडे बघत राहिला. मग हेल्मेट खाली ठेवून म्हणाला, "द्या. तुम्ही बसा."

त्यानंतर लोक आपोआप पुढे आले. रांग वॉचमनकाकांनी लावली. तक्रारीत 'पूर्वनियोजित' लिहिलंय ते त्यामुळे असावं, पण चार माणसं दिसली की रांग लावणं हे त्यांचं कामच आहे. घोषणा कुणीही दिली नाही. एवढी माणसं असून कुणाची चप्पलसुद्धा वाजत नव्हती. पुढच्याने नीट धरल्याशिवाय आधीच्याने हात सोडला नाही. हातात काही नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या गळ्यात कॅमेरा होता. मी फोटो काढला नाही.

प्रदर्शनाच्या मॅनेजर मॅडम जेवून आल्या तेव्हा माझा नंबर चालू होता. त्यांनी मोबाईलवर काढलेल्या फोटोतली मूठ माझी आहे, आत्याची नाही. आत्याने "मीच सुरू केलं" असं सांगून अंगावर घेतलं. तिचा तो स्वभावच आहे.

तुमच्यामागे कोण होतं असं साहेबांनी विचारलं. माझ्यामागे निळ्या शर्टातले एक आजोबा होते. त्यांना धरायला मिळालं नाही म्हणून ते नाराज झाले.

नेमकं कसं धरलं ते करून दाखव असं साहेब म्हणाले. मी उभी राहून हात वर केला. साहेब बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "पुरे, घे खाली." मी म्हटलं, "आधी कुणीतरी धरा." साहेब म्हणाले, "काय पोरखेळ लावलाय." मी हात खाली घेतला नाही. बाहेरच्या बाकावरून आत्या म्हणाली, "ठकू, बास." तरी घेतला नाही. शेवटी साहेब उठले. आत्या दारात येऊन म्हणाली, "कोपर सरळ ठेवा साहेब, नाहीतर पाच मिनिटांत दुखेल."

इथून पुढचं अक्षर दुसऱ्या हवालदारांचं आहे, कारण साहेबांचा उजवा हात मोकळा नव्हता. वरचा 'निदर्शन' हा शब्द साहेबांच्या सांगण्यावरून खोडला आहे. सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी ते बसून ऐकलं. माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे.