कुकरची शिट्टी

धुळ्याच्या स्टँडवर, जळगाव गाडीच्या रांगेत, हेमांगीच्या मागे दोन पोरं उभी होती. मागे वळून बघणं बरं दिसलं नसतं, पण तिचे कान वळले ते वळलेच.

"नवल, रविवारच्या फायनलला मी नाही. ऑनलाइन गेमवाल्यांनी माझ्यावर बंदी घातली."

"चॅटवर शिवी दिली असशील, जिनेश."

"मी तोंडात कांदा घेत नाही भो, शिवी काय घेणार? एवढंच टाकलं, कुकरची शिट्टी झाली, जेवून येतो."

"मग?"

"इंग्रजी अक्षरांत टाकलं. त्या शिट्टीची पहिली चार अक्षरं वाच."

"एस, एच... अरे बाप रे. अन् मी अहिराणीत समोरच्या टीमचा बठ्ठा उद्धार केला, तर मला काहीच नाही?"

"मशीनला अहिराणी येत नाही."

"माफी माग मग."

"मागितली ना. शिवी नव्हती, शिट्टी होती, असं पुन्हा तसंच टाइप केलं. आठवड्याची बंदी महिन्याची झाली."

हेमांगीने ओढणी तोंडात कोंबली. तेवढ्यात कंडक्टरच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर गाडी मागे मागे येत फलाटाला लागली.

"चल जिनेश, शिट्टी झाली."

"हळू बोल भो. वर्षाची करतील."