केबिनला दार कुणी बसवलं?

मॅडमच्या घरची मंडळी, संस्थेचे पदाधिकारी, माझ्यासोबत शिकवणाऱ्या सगळ्या जणी, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या माझ्या मुलींनो.

बोलायला माझं नाव ठरलं तेव्हा मला आधी शंकाच आली. मी रेखा, या नर्सिंग कॉलेजातली जुनी ट्यूटर. आपल्या प्राचार्य वाघमारे मॅडमना जाऊन अजून आठवडाही झाला नाही. त्यांच्याविषयी बोलायला मलाच का उभं केलं? चांगलं बोलणाऱ्या जणी इथं बसल्यात. पण उभी राहिलेय, तर बोलते.

मी संशयी बाई आहे. हे सगळ्यांना माहीत आहे. पण मला सांगा, या कॉलेजात राहून कोण संशयी होणार नाही? मॅडम यायच्या आधी कसं होतं, आठवा. केबिनचं दार बंद झालं की स्टाफरूम गप्प. आत कोण गेलंय? एवढा वेळ काय बोलायलेत? कुणाचं नाव घेतलं असेल? बाहेर येणारी हसली, तरी संशय. नाही हसली, तरी संशय. एकीच्या डब्यातलं दुसरी खात नव्हती. मुलींना शिकवायचो की पेशंटचा विश्वास मिळवा, आणि शिकवणाऱ्या आम्ही एकमेकींकडं पाठ करून बसायचो.

मग मॅडम लातूरहून इथं नांदेडला आल्या. मी म्हटलं, चांगली जागा सोडून कोण येतं? तिकडं काहीतरी भानगड केली असणार. माझी मावसबहीण लातूरलाच नर्स आहे. तिला फोन लावला. ती म्हणाली, "भानगड न्हाई गं काही. त्या बाईला दार लावून बोलायला जमत न्हाई, एवढंच हाय. लई जणांना ते खपंना." मला वाटलं, हीसुद्धा काहीतरी लपवायली.

आणि आल्या आल्या मॅडमनी काय केलं? सुतार बोलावला आणि केबिनचं दार बिजागऱ्यांसकट काढलं. संस्थेच्या सचिव साहेबांना कळायच्या आत. ते दार प्रॅक्टिकलच्या खोलीत दोन बाकांवर आडवं टाकलं. "टेबल कमी पडतंय म्हणत होतात ना? हे घ्या," म्हणाल्या. मुलींनो, तुम्ही ड्रेसिंगचा ट्रे मांडायला त्या दारावर शिकलात.

तेव्हाही मला संशय. वाटलं, आता ही बाई बसल्या जागेवरून आमचं बोलणं ऐकणार. मी तोंडावर विचारलं, "मॅडम, हे कशासाठी चाललंय?" त्या म्हणाल्या, "रेखाताई, तुमच्याविषयी माझ्याकडं कोण काय सांगतंय, ते तुम्हाला येता-जाता ऐकू यावं म्हणून." मग मी ऐकलं का? ऐकलं! कितीतरी महिने त्या केबिनवरून उगाच चकरा मारल्या. माझं नाव काही कुणी घेतलं नाही. चुगली करायला आडोसा लागतो, तो मॅडमनी ठेवलाच नव्हता. हळूहळू डबे एका टेबलावर यायला लागले. मी मात्र माझा वेगळाच खात राहिले.

मग ती ड्युटीची गोष्ट. संस्थेच्या दवाखान्यात नर्स कमी पडल्या की आपल्या दुसऱ्या वर्षाच्या मुली लावायच्या, ही इथली रीत होती. शिकायला नव्हे. नर्सच्या जागी. एकटीवर अख्खा वॉर्ड. एकदा कंधारची एक मुलगी मॅडमसमोर येऊन रडली. "मॅडम, पेशंटला धाप लागली, मला काय करावं काहीच सुचंना. हाका मारल्या, पण एक बी सिस्टर नव्हती तिथं." तो पेशंट वाचला, नशीब. पण मुलीचं रडणं सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. दार नव्हतं ना! मॅडमनी तिथूनच, आमच्या देखत, साहेबांना फोन लावला. "साहेब, सोबत सिस्टर असल्याशिवाय माझी मुलगी वॉर्डात उभी राहणार नाही." ती रीत त्या दिवशी बंद झाली.

आता कालचं सांगते. साहेब, तुम्ही पुढंच बसलात, म्हणून तोंडावर सांगते. काल तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. येऊन बघते, तर चौकटीला दार. तेच दार. आयोडिनचे डागसुद्धा कुणी पुसले नव्हते. मी आत आले आणि ते माझ्यामागं लावून घेतलं. मॅडमच्या फोटोला हार अजून सांगितलेला नव्हता, साहेब. सुतार मात्र येऊन गेला होता.

आणि आत काय सांगितलंत? "रेखाताई, प्रभारी प्राचार्य तुम्ही व्हा. सोमवारपासून दुसऱ्या वर्षाच्या मुली वॉर्डात पाठवा, पहिल्यासारख्या. उद्या सभेत चांगलं बोला. बाकीचं आपल्यात राहू द्या."

मीच का? घरी जाऊन हाच विचार केला. माझी कुणाशी ऊठबस नाही. मी कुणावर विश्वास ठेवत नाही, म्हणून माझ्या पाठीशीही कुणी नाही. अशी बाई खुर्चीत बसवली की हवी तशी वळवता येते. बरोबर ना, साहेब? मान हलवू नका. मला राग आलाय, आणि आज मी तो लपवून ठेवणार नाही.

डॉक्टर म्हणाले, मॅडमचं हृदय बंद पडलं. त्यावर मला शंका नाही. वाघमारे सर, तुमचं माणूस गेलं आणि मी इथं भांडत बसलेय, मला माफ करा. पण मला मॅडमची लई आठवण यायली. खरंच यायली.

साहेब, माझं उत्तर इथंच ऐका. पद देत असाल तर घेते. पण सोबत सिस्टर नसेल, तर सोमवारी एकही मुलगी वॉर्डात जाणार नाही. आता तुम्ही दुसरीला बोलावणार. तिलाही हेच विचारणार. मैत्रिणींनो, तुमच्यातली कोण हो म्हणेल? मला खरंच माहीत नाही. मला तुमची अजूनही खात्री नाही.

म्हणून आता मॅडमसाठी दोन मिनिटं उभं राहायचं. पण जिला सोमवारी मुली एकट्या पाठवायच्या आहेत, तिनं बसून राहावं. डोळे मिटायची रीत आहे. मी उघडे ठेवणार आहे.

मॅडम, जय भीम.

मुलींनो, आधी तुम्ही उठा.