खळ्यावर मिळालेली मोटारसायकल

जबाब, दिनांक १९/१/१९७३

नाव : चांगुणा भ्र. गहिनीनाथ पोपळघट, वय अंदाजे ४० वर्षे, धंदा लोहारकाम, रा. सोनई, ता. नेवासा, जि. अहमदनगर.

मी आज समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी माझे पती गहिनीनाथ यांच्यासह राहते. हवालदार गोरक्ष यांनी माझा धंदा प्रथम ‘घरकाम’ असा लिहिला होता, तो मी खोडायला लावला. आमच्यात गडी माणूस सांडशीने लोखंड धरतो आणि घण बाई मारते. मी अकराव्या वर्षापासून घण मारीत आहे. पतीचा डावा कान घणाच्या आवाजाने गेलेला आहे व ते मुळात कमी बोलतात, त्यामुळे आमच्या दोघांचे बोलणे बहुधा मीच बोलते.

पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असलेली बी.एस.ए. मोटारसायकल, तिला डाव्या अंगाला लोखंडी पेटी व तिसरे चाक जोडलेले, मला दाखवण्यात आली. ती मी ओळखते. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास घोडेगाव रस्त्याच्या खडी केंद्रावरून पोलिसांनी ती येथे आणली. आमच्या गावचे बागाईतदार आबासाहेब येळवंडे यांनी तक्रार दिली आहे की, गाडी त्यांच्या मयत वडिलांची असून आमच्याकडे दुरुस्तीला दिली होती व आम्ही ती बळकावली. गाडी त्यांच्या वडिलांची होती हे खरे आहे. दुरुस्तीला दिली हे साफ खोटे आहे.

आम्ही येळवंड्यांच्या घरचे बलुतेदार आहोत. वर्षभर त्यांचे फाळ, विळे, कुऱ्हाडी आम्ही करून देतो व सुगीला त्यांच्या खळ्यावर आम्हाला ज्वारी मिळते. गेल्या वर्षी फाल्गुनात ज्वारी इतकी कमी झाली की कुंभाराच्या सुपात दोन ओंजळी पडल्या. माझी पाळी आली तेव्हा आबासाहेबांच्या आई मालनबाई यांनी रिकाम्या पोत्याकडे पाहिले व म्हणाल्या, “चांगुणे, दाना न्हाई गं. गोठ्यात मालकांची फटफटी पडलीया, ती न्हे. लोखंड हाय, तुला उपयोगी पडंल.” मी म्हणाले, “वैनी, धन्याची वस्तू हाय.” त्या म्हणाल्या, “म्हनून तर देती. दुसऱ्याला दिली आस्ती तर भंगारात गेली आस्ती.” हे बोलणे कुंभार सहादेव यांनी ऐकले आहे. त्यांचा जबाब घ्यावा.

पावती का घेतली नाही असे फौजदारसाहेबांनी विचारले. खळ्यावर मिळालेल्या दाण्याची पावती आजवर कोणी घेतलेली मला माहीत नाही. गाडीचे पुस्तक असते, ते नावावर करून घ्यायचे असते, हे आम्हाला सुचले नाही. ही आमची चूक आहे. मालनबाई भाद्रपदात वारल्या. आबासाहेब तेव्हा पुण्यास नोकरीवर होते, शेती पाहायला ते नंतर गावी आले, त्यांना आईने सांगितले किंवा कसे हे मला सांगता येणार नाही.

आम्ही गाडी बैलगाडीत घालून आणली तेव्हा तिची हालत पुढीलप्रमाणे होती. टाकीला तीन भोके. दोन्ही टायर उंदरांनी खाल्लेले. पिस्टन आत गच्च बसलेला. पुढच्या दिव्याच्या खोबणीत कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, ती गाडीबरोबर आमच्या घरापर्यंत आली व चावडीपासून सगळे गाव हसत मागे आले. “गहिनीनाथ, ऐरनीला खुंटा आनला का रं?” असे लोकांनी विचारले. पतीऐवजी उत्तर मी दिले, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

त्या साली पाऊस झाला नाही. विहिरी आटल्या, पाण्याची इंजिने बंद पडली, नांगर कोणी धरला नाही, त्यामुळे भात्याला काम नव्हते. आम्ही दोघांनी चैत्रापासून दसऱ्यापर्यंत रोज गाडीचे काम केले. पिस्टन बंद पडलेल्या ऑइल इंजिनचा आहे. तो लेथवर कातून, लहान करून आणला, तेवढे एक काम आमच्या हातचे नाही व तसे मी आपण होऊन सांगते. पिस्टन मूळच्यापेक्षा जड आहे, म्हणून गाडी फार पळत नाही. आम्हाला शर्यत लावायची नाही. धुराचा नळा कोरड्या विहिरीच्या पाइपाचा आहे. ब्रेकला मोटेचे जुने कातडे बसवले आहे, ते तीस वर्षे तेल पिऊन बसलेले होते, आधी भट्टीच्या राखेत आठ दिवस पुरून कोरडे केले. बैठकीखाली ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा. टाकीची भोके मी स्वतः डाग देऊन बुजवली. पेटीचे चाक व तिन्ही टायर नगरच्या भंगार बाजारातले, मिलिटरीच्या सामानापैकी आहेत.

किकचा दांडा बैलगाडीच्या कण्यातून काढला. त्यात आमची एक फजिती झाली, तीही सांगते. आम्ही त्याला पहारीसारखे कडक पाणी दिले. लोहाराला तापलेले लोखंड पाण्यात घातल्याशिवाय चैन पडत नाही. तिसऱ्या किकला दांडा खापरासारखा तुटला व पती उताणे पडले. ते तसेच पडून म्हणाले, “आपुन छिन्नी केली व्हय गं.” वर्षातले त्यांचे ते सर्वांत लांब बोलणे असावे. दुसरा दांडा आम्ही राखेत निवू दिला, तो आजतागायत वाकलेला नाही.

खंडेनवमीला गाडी ऐरणीशेजारी ठेवून पुजली व दसऱ्याला सुरू केली. गावात आता हसणारे कोणी नव्हते. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला व आजही वाटतो, हे लिहून घ्यावे. पतीने नोव्हेंबरात नगरला लायसन्स काढले, एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले.

पेटी कशासाठी असे विचारल्यावरून सांगते की, तीत ऐरण, भाता व कोळसा बसतो. सध्या तीन खडी केंद्रांवर दुष्काळी कामे चालू आहेत. छिन्न्या, पहारी व दगड फोडायच्या सुतक्या दोन दिवसांत बोथट होतात. बोथट छिन्नीने बाईची दिवसाची खडी भरत नाही व खडी भरली नाही तर हजेरी अर्धी लागते. आम्ही गाडीवरून तिन्ही ठिकाणी जाऊन भट्टी लावतो. मंगळवारपासून आम्ही गेलेलो नाही. पायी जावे तर ऐरण डोक्यावर नेता येत नाही. या गाडीवर आमचे पोट आहे आणि त्या बायांचेही आहे.

आबासाहेब येथे समोर हजर आहेत. ते म्हणाले, “सांगाडा आमचा हाय, नंबर आमचा हाय. बाकीचं तुमी काय बी बसवा, गाडी आमचीच ऱ्हाती.” त्यावर मी म्हणाले, “ऱ्हाती तर घेऊन जावा की, आबासाहेब. आमी आडवीत न्हाई. चालवत न्या.” फौजदारसाहेबांनी परवानगी दिली, सबब जबाब थांबवून आम्ही सर्व आवारात गेलो.

आबासाहेबांनी सात किका मारल्या. गाडीने सहाव्या किकला त्यांचा पाय उलटा झटकला. नंतर फौजदारसाहेबांनी, आपण पूर्वी सरकारी मोटारसायकल चालवत होतो असे सांगून, चार मारल्या व टोपी काढून ठेवली. हवालदार गोरक्ष यांनी मागून ढकलून पाहिली. पती पुढे झाले, त्यांना मी थांबवले.

आमचा पिस्टन जड आहे, त्याच्याशी ताकद लावून उपयोग नाही. डाव्या मुठीखालची, आतला दाब सोडणारी बारीक कडी ओढून त्याला सावकाश वर आणायचा, वर आला की तळपायाला कळते, मग कडी सोडून एकच झटका द्यायचा. घण उचलतानाही असेच असते, वर गेल्यावर क्षणभर थांबावे लागते. मी पदर खोचला, कासोटा घट्ट केला व किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

आबासाहेब गाडीजवळ आले. टाकीवर हात ठेवला. मग म्हणाले, “दादांची फटफटी आशी वाजत नव्हती.” दादा म्हणजे त्यांचे वडील. मी म्हणाले, “न्हाई वाजायची. ही गहिनीनाथ-चांगुणाची वाजती.” ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी विचारले, “आईनं सोताच्या तोंडानं दिली?” मी सांगितले, “खळ्यावर, चारचौघांत दिली. देताना डोळं पुसलं.” यावर ते म्हणाले, “मग मी मागनारा कोन?” व फौजदारसाहेबांना सांगितले की, माझी तक्रार नाही, पुस्तक त्यांच्या नावावर करून देतो, कुठे सही करायची ते सांगा.

पुस्तकावर नाव कोणाचे घालायचे असे फौजदारसाहेबांनी पतीला विचारले. पतीने माझ्याकडे बोट दाखवले. माझ्या नावावर आजवर भांडेदेखील नाही.

हा जबाब हवालदार गोरक्ष यांनी मला वाचून दाखवला. पती बाहेर घरून आणलेली ऐरण पेटीत चढवून घोडेगाव रस्त्याला निघण्यासाठी थांबले असून, गाडी बंद करा असे दोनदा सांगूनही त्यांनी बंद केली नाही, त्यामुळे शेवटचा भाग मोठमोठ्याने ओरडून वाचावा लागला. तो सर्वांनी ऐकला. मी सांगितल्याप्रमाणे तो बरोबर व खरा आहे.

निशाणी डावा अंगठा : चांगुणा भ्र. गहिनीनाथ पोपळघट
समक्ष : गोरक्ष, पोलीस हवालदार