खंड्याचं न दिसणारं कुंपण

हॅलो?… हॅलो, कोण?… अनू! बोल बोल. येतोय आवाज, विहिरीतून आल्यासारखा, पण येतोय… मी बरा आहे गं. तिकडे सकाळ असेल ना?… इथे संध्याकाळ, साडेपाच वाजत आलेत.

कोण, खंड्या? इथेच पायाशी लोळतोय… हो, लागलं कुंपण. तुझ्या मैत्रिणीने पेटी आणून दिली तसं लगेच गुणाजीला बोलावलं… अगं गुणाजी, साकीनाक्याचा वायरमन. आईचा मिक्सर दुरुस्त करायचा तो… हो, तोच, सारखं पान चघळणारा. म्हणाला, काका, हे अमेरिकेचं मशीन आपल्या लायटीवर थेट लावलंत तर धूर निघेल. मग त्यानेच एक ट्रान्सफॉर्मर आणून मध्ये बसवला. विटेएवढा आहे. दिवसभर घुं घुं करायचा… तेवढीच सोबत.

नाही, नाही, वायर नीट पुरली. कंपाउंडच्या कडेकडेने, फाटकाखालून… आईच्या जास्वंदीला हात नाही लावू दिला. मी उभाच होतो तिथे… झेंडे? लावले की. कुत्र्याला हद्द कळावी म्हणून तू पाठवलेले सगळे पांढरे झेंडे खोचले वायरीवर. समोरच्या बिल्डिंगमधला जयवंत विचारायला आला. म्हणाला, विद्याधरपंत, महापालिकेच्या इलेक्शनला उभे राहताय काय? निशाणी तरी काढा झेंड्यावर… हसतेस काय? आला तो तेव्हाच. नंतर नाही आला.

त्याच्या गळ्यातला पट्टा ना? आधी मीच तो हातात धरून वायरीवर गेलो… अगं, मुक्या जनावराच्या गळ्यात बांधायचं, आधी आपण बघायला नको? टीं करून वाजलं आणि असा चटका बसला, खांद्यापर्यंत मुंग्या… बरं, बरं, पुन्हा नाही करणार. खंड्याला दोनदा बसला. मग शहाणा झाला.

हो… आता बाहेर जात नाही. अजिबात नाही. एकदम झकास चाललंय.

आवाजाला काय झालंय? काही नाही. सर्दी… नाही गं, डॉक्टर कशाला… अनू, ऐक ना. विचारतेसच तर ऐक.

कोणी येत नाही गं आता.

कोणी म्हणजे… शेवंती. वर्सोव्याची कोळीण. तू नाही पाहिलंस तिला, आई गेल्यानंतरची ओळख ती. हा खंड्या रोज तिच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर जायचा. आईने उगाच नाही मासेखाऊ पाखराचं नाव ठेवलं त्याला. आणि रोज संध्याकाळी ती त्याचा कान धरून इथे आणायची. फाटकापासूनच तोंड सुरू. सायब, कुत्र्याला बांधा, नायतर मला तरी इथेच बांधा, रोजची पायपीट वाचेल! मीही सोडायचो नाही. बोंबील झाकून ठेवत जा म्हणायचो… मग बसायची पायरीवर दम खायला. मी चहा ठेवायचो… मी, मी! येतो आता करता. सुनेच्या कागाळ्या, होडीचं बिघडलेलं इंजिन, सगळं सांगायची आणि वर माझ्या चहाला नावं ठेवायची. आणि जयवंतची चप्पल पळवायचा हा. तो एका पायात चप्पल घालून यायचा, चार शिव्या हासडायचा, नि पेपर वाचत बसून राहायचा.

हो… मीच लिहिलं होतं तुला. लोकांनी उच्छाद मांडलाय, काहीतरी कर म्हणून. माहीत आहे मला. तू बिचारी तिथली दुकानं पालथी घातलीस. साखळी नको, त्याला काच होईल, भिंतही नको, आईची बाग झाकेल, म्हणून हे शोधून काढलंस. तुझं काही चुकलं नाही. पण मला काय ठाऊक, ते भांडायला यायचे तेवढंच माझ्याकडे माणसांचं येणं होतं? मुंबईत नुसतं बसायला कोण कोणाकडे जातं? कारण लागतं ना माणसाला. आता ही वेळ झाली की घर खायला उठतं गं… नाही, तिकडे येऊन काय करू? बर्फाकडे बघत बसू?… रडत नाहीये… बरं, थोडासा.

अगं, तेच सांगतोय. गेल्या आठवड्यातच बंद केलं. बटण बंद, पट्टा काढला, झेंडे उपटले. म्हटलं, जा बाबा, खा बोंबील. फाटक सताड उघडं टाकलं आणि चहाचं आधण ठेवून बसलो… कुठला जातोय! वायर पुरलीय तिथपर्यंत जातो आणि बसतो. वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास आला की नाक वर करून कुईकुई करतो. पाऊल पुढे टाकत नाही. करंट नाही रे राजा, म्हणून मी स्वतः त्या वायरीवर उभा राहून दाखवलं. नुसती शेपटी हलवतो.

काय?… परत बोल, खरखर येतेय… मी? मी कशाला बाहेर जाऊ? वाणी सामान पाठवतो, दूध दारात येतं… आई गेल्यापासून?… 

नाही. नाही गेलो.

तुझा आवाज हल्ली आईसारखा यायला लागलाय… हो, शेवंती म्हणायची खरी. सायब, तुम्ही पण या की एकदा आमच्याकडं. मी येईन येईन म्हणायचो… ओळखेल ना. मला नाही तर खंड्याला ओळखेल.

याला उचलूनच न्यावा लागेल फाटकाबाहेर… जड आहे, पण पलीकडे एकदा खाली ठेवला की चालेल तो… कंबर? कंबरेला काय धाड भरलीय? थांब, चपला घालतोय… एक सापडेना. यानेच नेली असणार… सापडली, सापडली. ए खंड्या, ऊठ.

अनू, ठेवतो आता… नाही, तू नको. दर वेळी तू ठेवतेस आणि मी उगाच तो टोन ऐकत बसतो. आज मला ठेवू दे… हो, सांगेन तिला, अनूने पाठवलं म्हणून.

आणि हे बघ, परत फोन लावलास आणि कोणी उचलला नाही, तर घाबरू नकोस. मी बाहेर गेलेलो असेन.